शेऱ्याचा रकाना

कोल्हापूरला जाऊन आले म्हटलं की जो तो विचारतो, "तांबडा की पांढरा?" रस्सा ओरपला, अंबाबाईचं दर्शन घेतलं, चपला घेतल्या, झालं कोल्हापूर. माझ्याकडून तसलं काही ऐकायची तयारी करून बसला असाल तर आधीच सांगते, मी चिडून परत आले आहे. महिना होत आला तरी राग उतरलेला नाही. त्यातला निम्मा तर माझा माझ्यावरच आहे. तरी सगळं क्रमाने सांगते, म्हणजे कोणावर किती चिडायचं ते तुम्हाला ठरवता येईल.

मी नागपूरची. निवृत्त होईपर्यंत एका सरकारी कचेरीत रस्त्यांचे नकाशे काढले. आरेखक म्हणतात आम्हाला. रस्ता म्हणजे दोन समांतर रेघा आणि गाव म्हणजे एक बारीक वर्तुळ, एवढंच माझं जग. त्या वर्तुळात कोण राहतं हे बघायला मला कुणी कधी पाठवलं नाही. खरं सांगायचं तर मीही कधी मागितलं नाही.

राजारामपुरी

शालन ही माझी पुण्याच्या वसतिगृहातली जोडीदारीण. ती राजारामपुरीत राहते. रिक्षा तिच्या गल्लीच्या तोंडाशीच थांबली, कारण गल्ली खणून ठेवलेली. एका बाजूला नळाचा चर, दुसऱ्या बाजूला गटाराचा, मध्ये खडीचा ढीग आणि दोन्हीकडे नवीन इमारतींचे हिरवे पडदे.

"पुढं कसं जायचं हो?" मी विचारलं.

"विकास चाललाय की, मावशी!" रिक्षावाला म्हणाला. "उडी मारा आन् जावा."

साठी उलटलेल्या बाईला हा उडी मारायला सांगतो! मी चर ओलांडला आणि पलीकडे नेमका पाय टाकला तो ताज्या काँक्रीटमध्ये. पाय निघाला, चप्पल राहिली. तिथला कामगार हिंदीत "जाने दो माताजी" म्हणाला आणि त्याने चपलेवरून थापी फिरवून टाकली. माझ्या डोळ्यांदेखत! अगं माय, मी त्याला इतकं बोलले, पण तो हसतच होता. माझी डाव्या पायाची चप्पल आता कायमची राजारामपुरीची रहिवासी झाली आहे.

शालनने दार उघडलं, माझा अवतार पाहिला आणि पोट धरून हसली. संध्याकाळी तिने मला नवीन चपला घेऊन दिल्या आणि दुधाच्या कट्ट्यावर नेलं. हे मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या, समोर धार काढायची आणि ते फेसाळ, कोमट दूध तसंच पेल्यात. आमच्याकडे दूध तापवल्याशिवाय कोणी तोंडाला लावणार नाही. इथे कुस्तीगीर म्हणू नका, नोकरदार म्हणू नका, सगळे रांगेत उभे राहून पितात. मी नाक मुरडत प्यायले आणि दुसरा पेला मागितला.

"हे काहीच नाही," शालन म्हणाली. "उद्या माझ्या वैनीकडं चल. तिच्या म्हशीचं पिऊन बघ. म्हणजे अजून मिळतंय तोवर."

मग तिने खरं काय ते सांगितलं. तिचं माहेर मलकापूरच्या अलीकडे, रत्नागिरीच्या रस्त्यावर. भाऊ वारला, वहिनी एकटी तीन म्हशींवर घर चालवते. घर रस्त्याच्या एका अंगाला. रान, विहीर आणि दूध घालायची डेअरी दुसऱ्या अंगाला. जुना रस्ता होता तेव्हा दोन्हीकडे बघायचं आणि ओलांडायचं. आता चौपदरी होतोय, म्हणजे मध्ये दोन पुरुष उंचीचा भराव. गावाच्या वाटेपुरती एक फट अजून ठेवली आहे. गावाने तिथे खालून जायला रस्ता मागितला, तो नामंजूर झाला. तिथे फक्त पाणी जायची मोरी बसणार आणि फट बुजणार.

"नामंजूर का?"

"म्हणे तिथून कोणी येत-जातच नाही. वर्दळ शून्य." शालनने कपाटातून कागदांची गुंडाळी काढली. "तुला हे वाचता येतं. म्हणून बोलावलंय तुला. रस्सा खायला नाही."

बांबवड्याच्या पुढे

एसटीने निघालो. पंचगंगा ओलांडली, पन्हाळ्याचा डोंगर डावीकडे राहिला आणि मग धुरळा सुरू झाला तो संपेचना. उसाचं पातं पांढरं, आंब्याचा मोहोर पांढरा, वाटेतल्या वडाप जीपवाल्यांच्या डोक्याचे केससुद्धा पांढरे. डोंगराच्या कुशी उभ्या कापलेल्या, आत लालभडक माती. जुने वड पाडले होते त्यांची खोडं मुळासकट कडेला पडलेली. आणि जागोजागी पत्र्याच्या पाट्या, 'गैरसोयीबद्दल क्षमस्व'. कोणाची गैरसोय, किती दिवस, क्षमा कोण मागतंय, काही नाही. असली क्षमा मी तरी स्वीकारणार नाही.

एक मात्र स्पष्ट लिहिते. रस्ता नको असं त्या गावात मला एकाही माणसाने म्हटलं नाही. बाळंतीण वेळेवर कोल्हापूरला पोचेल, माल लवकर जाईल, हे सगळ्यांना कळतं. जमीनही त्यांनी दिली. त्यांचं मागणं एवढंच होतं, की ज्यांचं रान घेतलं त्यांना आपल्या उरलेल्या रानात जाता यावं. यात काय जास्त मागितलं, तुम्हीच सांगा.

हौसाक्का

शालनच्या वहिनीला अख्खं गाव हौसाक्का म्हणतं. बुटकी, काटक, आणि आवाज असा की भरावाच्या पलीकडे म्हशीला ऐकू जावा. आम्ही पोचलो तेव्हा ती त्या फटीतूनच येत होती, डोक्यावर गवताचा भारा, मागे तीन म्हशी.

"आलासा व्हय वन्सं! आन् ह्या नकाशावाल्या बाई? बसा की, उभ्या का!"

इथल्या बायका स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. पहिल्या दिवशी कानाला अडखळलं, दुसऱ्या दिवशी मला आवडायला लागलं. जेवायला नाचणीची भाकरी, खर्डा आणि मडक्यातलं दही. सावजी खाऊन वाढलेली मी, तिखटाचा मला मोठा तोरा. त्या खर्ड्याने तो एका घासात उतरवला.

जेवण झाल्यावर मी तिला मोजणीबद्दल विचारलं. ती खुलली. खरंच सांगते, अभिमानाने सांगायला लागली.

"गेल्या साली जत्रंच्या आदी आल्तं की सायब! दोन दिस आदी सांगावा आल्ता, मोजाय येणार म्हणून. आमी वाट झाडून घेतली, सडा टाकला. वाराचा दिस हुता, सगळं गाव घरात. पावण्याला देवळात बशिवलं, पंखा लावला. पुरणपोळी, कटाची आमटी, वर माझ्या म्हशीचं दूध. सायेब म्हनलं, असं गाव बगितलं न्हाय."

"वाराचा दिवस म्हणजे?"

शालनने डोकं धरलं. तिला एव्हाना कळलं होतं. जत्रेच्या आधीचे पाच मंगळवार हे गाव पाळतं. त्या दिवशी औत जुंपायचं नाही, गवत कापायचं नाही, माणूस किंवा जनावर वेशीबाहेर काढायचं नाही. दूधसुद्धा डेअरीला घालत नाहीत. देवीला खीर आणि उरलेलं घरात. म्हणजे वर्षातल्या ज्या पाच दिवशी त्या वाटेवर चिटपाखरू नसतं, त्यातल्या एका दिवशी साहेब वर्दळ मोजायला आले. आणि गावाने काय करावं? वाट झाडून ठेवली. साहेबांना त्रास नको म्हणून!

मी गुंडाळी उलगडली. मोजणीचा तक्ता सापडला. असे तक्ते मी शेकड्यांनी पाहिले आहेत. माणसं: शून्य. जनावरं: शून्य. दुचाकी: शून्य. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तासातासाला शून्य, सुवाच्य अक्षरात. आणि शेवटी 'शेरा' नावाचा रकाना. तो कोरा.

"साहेबांना तुम्ही सांगितलं नाही का, आज आम्ही वार पाळतो म्हणून?"

"सांगितलं की! म्हून तर पोळी खाल्ली त्यानी!"

फटीपाशी

सोमवारी सकाळी तेच साहेब कामावर आले. चाळिशीचे, सभ्य, डोक्यावर पिवळी टोपी. हौसाक्काला ओळखून त्यांनी नमस्कार केला, म्हशींची चौकशीसुद्धा केली. मी तक्ता त्यांच्या नाकासमोर धरला.

"हे तुमचं अक्षर ना?"

"हो मॅडम."

"ह्या दिवशी गाव वार पाळत होतं हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो, पण मॅडम, मला दिसलं ते मी लिहिलं. कोणीच गेलं नाही."

"मग हा शेऱ्याचा रकाना कशाला दिलाय? शोभेला? दोन ओळी लिहायच्या होत्या, आज गावाची पाळणूक आहे, ही नेहमीची वर्दळ नाही. बोट झिजलं असतं का? ह्यांच्या पंक्तीला बसून जेवलात आणि ह्यांचीच वाट शून्य करून टाकलीत! एक सांगते तुम्हाला, शेरा लिहीत जा. दिवस कसला आहे ते लिहीत जा!"

माझा आवाज चढला होता. रोलरवाल्याने रोलर थांबवला. साहेबांनी फोन लावला, बराच वेळ बोलले. परत आले ते म्हणाले, "फेरमोजणी करतो. उद्या. उद्याच करावी लागेल, नंतर माझी बदली दुसऱ्या टप्प्यावर आहे. अहवाल येईपर्यंत फट बुजवत नाही, एवढा शब्द देतो."

उद्या मंगळवार. जत्रेच्या आधीचा तिसरा मंगळवार.

"बाप्पा रे," मी म्हटलं, "दुसरा दिवस नाही का?" नव्हता.

दिवस मावळायच्या सुमाराला देवळासमोर गाव जमलं. गुरव म्हातारे, त्यांनी एवढंच सांगितलं, "ज्याला वार मोडायचा त्यानं आपल्या जबाबदारीवर मोडावा." आणि मग मी बोलले. मी, जिचं त्या देवीशी, त्या वाराशी, त्या वाटेशी काही नातं नाही, ती उभी राहिली आणि म्हणाली, की एक दिवस मोडा, जन्मभराची वाट मिळेल. नेहमी जाता तसंच जा, जास्त नाही, कमी नाही. बाकी मी बघते.

बाकी मी बघते! काय बघणार होते मी?

हौसाक्का उठली. "लगीन हून आलो तवापासनं एक मंगळवार मोडला न्हाय मी," ती म्हणाली. "मालक गेलं त्या साली बी न्हाय. पर म्हशी काय उडून जातील व्हय रानात?" तिने देवीपुढे नारळ ठेवला. "आई, एक डाव सांभाळून घे."

मंगळवार

पहाटे फटफटलं आणि मी फटीपाशी जाऊन उभी राहिले. साहेब एका खुर्चीवर, मांडीवर तक्ता.

नेहमी जाता तसंच जा, असं मी बजावलं होतं. पण वाराच्या दिवशी नेहमीसारखं कसं जायचं? देवीचा वार मोडायचा तर तिच्या कानावर घालून, तिचा मान राखून मोडायला नको? हौसाक्काने म्हशी धुतल्या होत्या, शिंगांना तेल लावून त्यांवर हळदकुंकू वाहिलं होतं. स्वतः लग्नातल्या शालूत, दुधाची किटली घासून लख्ख. तिच्या मागे अख्खं गाव. बायका नव्या लुगड्यांत, बाप्ये फेट्यात, औतं खांद्यावर, आणि सगळ्यांच्या पुढे हलगी. देवीला न सांगता गेलो असं व्हायला नको म्हणून हलगी!

फटीतून ती वरात रानात गेली. रानात सगळ्यांनी खरोखर काम केलं, गवत कापलं, पाणी पाजलं. तासातासाने माणसं परतली, पुन्हा गेली, नेहमीसारखी. डेअरीच्या माणसाने त्या दिवसापुरतं कुलूप उघडलं आणि हौसाक्काने दूध घातलं. साहेब एकेक आकडा मांडत होते. दुपारी त्यांना कोणी जेवायला बोलावलं नाही, हे मीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी डबा खाल्ला.

मी भारावून गेले होते, हे कबूल करते. माझ्या डोळ्यांत पाणी होतं. तीस-पस्तीस वर्षं जे वर्तुळ काढलं, त्यातली माणसं माझ्यासमोरून चालत होती आणि तक्त्यात एकही शून्य नव्हतं. शालनला म्हटलं, "जिंकलो गं." निघताना हौसाक्काने खर्ड्याचा डबा दिला आणि धारोष्ण दुधाचा पेला. शालन खोटं बोलली नव्हती. राजारामपुरीतल्या कट्ट्यापेक्षा ते खरंच दाट होतं.

नागपूर, घरी

अठरा दिवसांनी शालनचा फोन आला. फट बुजवली.

मला आधी समजेचना. मग तिने तक्त्याचा फोटो पाठवला. आकडे सगळे बरोबर, एक माणूस कमी नाही, एक म्हैस जास्त नाही. आणि शेवटच्या रकान्यात, त्याच सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'आज गावाचा सण. वाजंत्री व गर्दी. ही नेहमीची वर्दळ धरू नये.' त्याच्या आधारावर वरच्यांनी ठरवलं, की दुसरी मोजणी ग्राह्य नाही. मग राहिली कोणती? पहिली. शून्यांची.

मी साहेबांना फोन लावला. काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग अगदी नम्रपणे म्हणाले, "मॅडम, दिवस कसला आहे ते लिहीत जा, असं तुम्हीच सांगितलं होतं. मी पुढेही लिहिलं होतं की पहिला दिवसही असाच होता. पण तो तक्ता आधीच मंजूर झालाय, त्यात आता शेरा घालता येत नाही असं वरचे म्हणाले. ती ओळ त्यांनी काढायला लावली."

मला ठाऊक आहे ना ते. मंजूर तक्त्यात कोणी हात लावत नाही. मी स्वतः कितीदा कोणा गरजूला हेच वाक्य ऐकवलं आहे, टेबलावरून मान वर न करता!

आता अर्ज केले आहेत. तीन केले, तिघांना. ज्यांना नकाशे कळतात अशा जुन्या ओळखी उकरून काढल्या, त्यातल्या एकाने मला सल्ला दिला की ह्या वयात दगदग करू नये. त्याला मी काय म्हटलं तेही लिहिण्यासारखं नाही.

हौसाक्काशी बोलायचं धाडस व्हायला मला आणखी चार दिवस लागले. तिने दोन म्हशी विकल्या आहेत. मोरीतून म्हैस जात नाही. पुढच्या गावाच्या पुलावरून वळसा घालून रानात पोचेतो ऊन चढतं आणि डेअरीची वेळ टळते. एक म्हैस ठेवली आहे, घरच्या दुधापुरती. गवताला ती स्वतः मोरीतून जाते, वाकून, भारा मागे ओढत.

"चुकलं माझं, हौसाक्का," मी म्हटलं. "मी तुम्हाला वार मोडायला लावला."

"तुमी काय मुद्दाम केलंसा व्हय?" ती म्हणाली. आवाज तसाच खणखणीत, पण नेहमीसारखी हसली नाही. "वार बी मोडला, वाट बी गेली. असू दे. पर बाई, तुमी शिकलेल्या हायसा म्हून इचारतो. आमी घरात बसलो तवा बी मंगळवारच हुता की. तवा त्यो दिस नेहमीचा कसा काय धरला?"

पलीकडून म्हैस हंबरली, आणि हौसाक्का म्हणाली, "ठेवतो मी, वैरण आणाय मोरीतनं जायाचं हाय."